खाऱ्या वाऱ्यात उघड्यावर उभी गाडी : कव्हर निवडण्याचे सहा महिने

गुहागरात समुद्राच्या बाजूला घर असणाऱ्यांना ही अडचण वेगळी सांगायला नको. रस्त्याला लागून घर, घरामागे नारळी-पोफळीची वाडी, वाडी संपली की सुरूची झाडं आणि पुळण, म्हणजे किनाऱ्याची वाळू. जुन्या घरांना पडवी असते, पण तिच्यात गाडी शिरत नाही. मग गाडी बेड्याच्या, म्हणजे फाटकाच्या, आत, अंगणाच्या कडेला, माडाखाली उभी राहते. ऑक्टोबर २०२३ मध्ये आमच्याकडे वॅगन आर आली तेव्हा तिलाही तीच जागा मिळाली. ४ नोव्हेंबर २०२३ ला मी पहिलं कव्हर मागवलं आणि मनासारखं, म्हणजे तिसरं, कव्हर २७ एप्रिल २०२४ ला हातात पडलं. मधल्या सहा महिन्यांत काय चुकलं आणि का चुकलं ते तारखांसकट लिहिते आहे. आगोटीची, म्हणजे पावसाळ्याआधीची, खरेदी करताना कोणी कव्हर शोधत असेल तर त्याला उपयोग व्हावा.

आधी मी कव्हरं पाहत सुटले, तीच पहिली चूक. गाडीवर नेमकं काय पडतं ते आधी पाहायला हवं होतं. आमच्याकडे बारा महिने खारा वारा असतो. त्यातलं मीठ डोळ्यांना दिसत नाही, पण काचेवर बोट फिरवलं की कळतं. हवेतली आर्द्रता साधारण ७५ टक्क्यांच्या वर गेली की मीठ हवेतलं पाणी ओढून स्वतःच विरघळतं, आणि किनाऱ्यावर रात्री आर्द्रता बहुतेक दिवस त्याच्या वरच असते. म्हणजे पाऊस नसतानाही गाडीवर खारट ओल असतेच. त्याच्या जोडीला पुळणीची बारीक वाळू आणि रस्त्यावरची जांभ्याची तांबडी धूळ. जानेवारी-फेब्रुवारीत मोहोरावर तुडतुडे आले की आंब्याखालच्या गाडीवर चिकट थेंबांचा सडा पडतो आणि त्यावर काळी बुरशी धरते. मार्चपासून गळलेल्या कैऱ्यांचा चीक, फणसाचा चीक. पक्ष्यांची विष्ठा वर्षभर. तिच्यातलं आम्ल भर उन्हात एका दिवसातही रंगावर डाग पाडतं.

नारळ आणि झावळ्यांपासून कोणतंही कव्हर वाचवत नाही. हे आधीच मान्य करून मी डोक्यावरच्या दोन माडांचे नारळ पाडून आणि वाळलेल्या झावळ्या काढून घेतल्या. विम्याचे कागदही उघडून पाहिले. फक्त थर्ड पार्टी विमा असेल तर पडलेल्या झावळीचं नुकसान भरून मिळत नाही, त्यासाठी स्वतःच्या नुकसानीचा भाग असलेली पॉलिसी लागते. रंगावरचे मिठाचे, विष्ठेचे, चिकाचे डाग बहुतेक कंपन्यांच्या वॉरंटीतून वगळलेले असतात. गाडीबरोबरच्या पुस्तिकेत ते पान काढून एकदा वाचावं.

मग माप. गाडीच्या नावावरून कव्हर निवडण्याची सोय असते, पण त्यात फसायला होतं. २०१९ पासूनची वॅगन आर ३६५५ मिमी लांब, १६२० मिमी रुंद आणि १६७५ मिमी उंच आहे. आधीची वॅगन आर याहून अरुंद होती, आणि विक्रेते दोन्हींना एकाच नावाखाली कव्हर विकतात. मोठं झालं तर चालेल, असं वाटतं, पण ते चालत नाही. ढिलं कव्हर वाऱ्यात फडफडतं आणि प्रत्येक फडफड म्हणजे रंगावर एक घासणी. टेप घेऊन लांबी, रुंदी, उंची आणि दोन आरशांमधलं अंतर स्वतः मोजा. छतावरची ॲन्टेना काढता येते का, तेही पाहून ठेवा. आमची फिरवून निघते, ती काढून ग्लव्ह बॉक्समध्ये ठेवते.

पहिलं कव्हर १,१४९ रुपयांचं होतं, ९ नोव्हेंबरला आलं. बाहेरून चंदेरी, आतून काळसर, '१९०टी टॅफेटा' असं लिहिलेलं. १९०टी म्हणजे एक चौरस इंचातले उभे-आडवे धागे मिळून १९०. छत्रीचं कापड असतं त्याच जातीचं हे पातळ पॉलिस्टर. पाणी अडावं म्हणून त्यावर एका बाजूने लेप दिलेला असतो आणि चंदेरी रंग त्या लेपातच असतो. शंभर टक्के वॉटरप्रूफ हे शब्द वाचून मी ते घेतलं. तेव्हा वाटलं होतं, पाणी आत गेलं नाही म्हणजे झालं.

डिसेंबरातल्या एका सकाळी सव्वासातला कव्हर उचललं. वर दव होतं, ते अपेक्षितच. पण आतल्या बाजूलाही पाणी होतं. बॉनेटवर मोहरीएवढे थेंब ओळीने उभे होते, दारांच्या रबराच्या खाचेत पाणी साचलं होतं, आणि काचेच्या खालच्या काळ्या पट्टीवर धुळीचा गाळ. आदल्या रात्री पाऊस नव्हता. हे पाणी जमिनीतून आलेलं. वाडीला रोजचं शिंपणं असतं, माडाच्या आळ्यात पाणी सोडलं जातं, जमीन कायम ओली. रात्रभर ती वाफ वर येते, लेप दिलेल्या कापडाखाली अडकते, आणि पहाटे पत्रा गार झाला की त्यावर थेंब धरतात. कापडाने बाहेरचं पाणी अडवलं तसंच आतलंही अडवलं. उघड्या गाडीवरचं दव नऊ वाजता वाऱ्याने सुकून जातं. कव्हराखालचं दुपारी एकपर्यंत तसंच राहत होतं, आणि त्यात मीठ मिसळलेलं.

त्याच महिन्यात मागचा ब्रेक चिकटला. ओलीत हॅन्डब्रेक ओढून चार दिवस गाडी उभी राहिली की मागच्या चाकांच्या ड्रमला ब्रेक शूज (ड्रमला आतून दाबणाऱ्या पट्ट्या) धरून बसतात. गाडी सुटताना कट्ट असा आवाज येतो, कधी सुटतच नाही. सपाट जागेवर हॅन्डब्रेक न ओढता पहिल्या गिअरमध्ये ठेवून चाकाला दोन्ही बाजूंनी चिऱ्याचा तुकडा किंवा लाकडी पाचर लावा.

जानेवारीत रंग पाहून वाईट वाटलं. पुढच्या बंपरच्या डाव्या कोपऱ्यावर तळहाताएवढा धुरकट पट्टा, आरशांच्या कडांवर तसेच, आणि सकाळचं ऊन तिरपं पडलं की बॉनेटवर कोळ्याच्या जाळ्यासारख्या गोल रेघा. कारखान्यातल्या रंगाचे सगळे थर मिळून साधारण १०० ते १४० मायक्रॉन (मिलिमीटरचा हजारावा भाग) असतात, त्यातला वरचा पारदर्शक क्लिअर कोट ३५ ते ५० मायक्रॉन. कव्हराखाली वाळू राहिली आणि वर वारा असला की तिथे पॉलिश पेपर घासल्यासारखंच होतं. कव्हरच्या कडेचं इलॅस्टिक फक्त पुढे आणि मागे होतं, बाजूंना नुसती दुमड. दुपारी समुद्रावरून वारा सुटला की बाजू फुगायच्या आणि आपटायच्या. चंदेरी लेपही सुटायला लागला होता, दारांवर राखाडी भुकटी दिसायची.

चिपळुणात एका दुकानात कंपाउंड मारून रेघा काढून घेतल्या. १,८०० रुपये आणि जवळजवळ अख्खा दिवस. एक ध्यानात ठेवा, पॉलिश म्हणजे क्लिअर कोटचा थोडा थर घासून काढणं. दर वर्षी केलं तर तो थर संपतो. त्यामुळे रेघा पडल्या की पॉलिश करू, असा हिशेब करू नका.

एवढं असूनही फेब्रुवारीत पहिल्या कव्हरने आपलं काम केलं हे सांगायला हवं. मोहोराच्या दिवसांत तुडतुड्यांचा सगळा चिकटा त्याच्यावर पडला, रंगाला काही झालं नाही. १८ फेब्रुवारीला आरशाच्या खिशाची शिवण उसवली आणि मी नव्या कव्हराच्या शोधाला लागले. या वेळी आधी कापडं समजून घेतली.

बाजारात साधारण चार जाती मिळतात. पहिली, लेप दिलेलं पातळ टॅफेटा, ज्याचं वर आलंच. त्यातल्या काही लेपांचं आणखी एक दुखणं असं की उष्ण दमट हवेत ते विघटित होऊन चिकट होतात. जुना रेनकोट पिशवीतून काढताना हाताला चिकटतो, तोच प्रकार. दुसरी, जाड ऑक्सफर्ड किंवा मॅटी विणीचं पॉलिस्टर, २१० किंवा ३०० डेनिअर. डेनिअर म्हणजे ९,००० मीटर धाग्याचं ग्रॅममधलं वजन, आकडा मोठा तेवढा धागा जाड. हे टिकाऊ असतं, पण आत अस्तर नसेल तर खरखरीत. तिसरी, न विणलेलं पॉलिप्रॉपिलिनचं कापड, भेटवस्तूंच्या पिशव्यांसारखं. यातून हवा खेळते, आतून मऊ असतं, पण अतिनील किरणांपासून वाचवणारं मिश्रण त्यात घातलेलं नसेल तर उन्हात काही महिन्यांतच त्याचा भुगा होतो. चौथी, तीन थरांची: बाहेर विणलेलं पॉलिस्टर, मध्ये वाफ सोडणारा पण थेंब अडवणारा सूक्ष्मछिद्री पापुद्रा, आत मऊ न विणलेलं अस्तर. ताडपत्री थेट गाडीवर टाकण्याची पद्धत आपल्याकडे सर्रास दिसते. ती कडक असते, तिच्या काठाच्या धातूच्या रिंगा रंगाला लागतात आणि वाफ मुळीच सोडत नाही. ती गाडीवर अंथरू नये. डोक्यावर ताणावी, ते पुढे येईल.

माझं मत तिथेच पक्कं झालं. किनाऱ्यावर कव्हर निवडताना पहिला प्रश्न पाण्याचा नसून वाफेचा आहे. गाडी मुळातच पावसात चालण्यासाठी बनवलेली असते. वरून आलेलं पाणी घरंगळून जातं. तिला खातं ते अडकलेलं खारट पाणी आणि घासणारं कापड. म्हणून क्रम असा : हवा खेळणारं, आतून मऊ, अंगाला बसणारं, बांधता येणारं. वॉटरप्रूफ त्याच्यानंतर.

२ मार्च २०२४ ला 'तीन थर, अस्तरासह' असं लिहिलेलं कव्हर २,४९९ रुपयांना मागवलं. ११ मार्चला पार्सल आलं. पिशवी उचलतानाच हलकी वाटली, म्हणून स्वयंपाकघरातल्या ताणकाट्याला अडकवली. काटा १ किलो १५० ग्रॅमवर थांबला. जुनं कव्हर शेजारी लावलं, १ किलो ५० ग्रॅम. नवं म्हणे तीन थरांचं, आणि फरक शंभर ग्रॅमचा.

ही वजनाची परीक्षा सगळ्यांनी करावी, कारण तिला कसलंही यंत्र लागत नाही. आमच्या गाडीच्या कव्हरला साधारण १९ चौरस मीटर कापड लागतं. लांबी गुणिले रुंदी, अधिक चारही बाजूंची प्रत्येकी सुमारे १.४ मीटर उंचीची कापडं, त्यातून बॉनेटवरचा रिकामा भाग वजा. १,१५० भागिले १९ म्हणजे चौरस मीटरला ६० ग्रॅम, तेही इलॅस्टिक, दोऱ्या, बक्कल धरून. एवढ्यात एकच पातळ थर बसतो. तीन खरे थर असतील तर १५० ते २०० च्या घरात आकडा यायला हवा, म्हणजे आमच्या गाडीला निदान तीन किलो. मागवण्याआधी विक्रेत्याला कव्हरचं वजन विचारा. जो सांगत नाही त्याच्याकडून घेऊ नका.

परत पाठवणं हे वेगळंच काम निघालं. पार्सल उघडतानाचा व्हिडिओ काढला होता, तो उपयोगी पडला. ताणकाट्याचा फोटो त्यालाच जोडला. ११ मार्चला परतीची विनंती, १३ तारखेला उत्तर : आपल्या पिनकोडवरून पिकअप होत नाही. किनाऱ्यावरच्या गावांना हे उत्तर नेहमीचं आहे, म्हणून मागवण्याआधीच पिनकोड घालून फक्त डिलिव्हरी नव्हे, परतीची सोयही तपासा. ऑनलाइन खरेदीसाठी २०२० चे ई-कॉमर्स नियम आहेत. त्यांत जाहिरातीतले गुण नसलेला माल परत घ्यायला विक्रेता नकार देऊ शकत नाही, तक्रार निवारण अधिकाऱ्याचं नाव आणि संपर्क संकेतस्थळावर द्यावाच लागतो, त्याने ४८ तासांत तक्रारीची पोच आणि एक महिन्यात निकाल द्यायचा असतो. १४ मार्चला मी त्या अधिकाऱ्याला ईमेल केला. त्यात ऑर्डर क्रमांक, जाहिरातीतलं नेमकं वाक्य, मोजलेलं वजन आणि फोटो, एवढंच. रागाचं वाक्य एकही घातलं नाही. १५ ला पोच आली, १९ ला उत्तर : स्वतः पाठवा. २० मार्चला पोस्टातून पाठवलं, १९० रुपये. पावती जपून ठेवा, तिच्यावरचा क्रमांकच पुढे पुरावा होतो. २७ ला तिकडे पोचलं. ३ एप्रिलपर्यंत पैसे आले नाहीत, म्हणून राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार नोंदवली, ९ एप्रिलला पैसे जमा झाले. पोस्टाचे १९० मिळाले नाहीत. याहून पुढे जायची वेळ आली तर आपण राहतो त्या जिल्ह्याच्या ग्राहक आयोगात तक्रार करता येते आणि पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही. त्या महिनाभरात मन खट्टू झालं होतं, खोटं कशाला सांगू. पण प्रत्येक पायरी लेखी केली की गोष्ट हलते.

मधल्या काळात चिपळुणात सीट कव्हर शिवणाऱ्यांकडेही चौकशी केली. मापावर कव्हर शिवून देण्याचे ३,२०० रुपये सांगितले. बसेल नेमकं, दुरुस्तीही जवळच होईल, हे मोठे फायदे. पण त्यांच्याकडे कापड होतं ते ट्रकच्या हुडाचं जाड, लेप दिलेलं. त्यातून वाफ जाणार नाही आणि वजन पाच किलोंच्या वर. तुमच्या जवळच्या शिवणाऱ्याकडे हवा खेळणारं कापड असेल, किंवा तुम्ही आणून दिलेलं शिवणार असेल, तर मी आधी तिकडेच जायला सांगेन.

तिसऱ्या वेळी मागवण्याआधी विक्रेत्याला तीन प्रश्न लेखी विचारले. वजन किती, इलॅस्टिक पूर्ण घेरात आहे का, पोटाखालून बांधायच्या पट्ट्या किती. आणि आतल्या शिवणीचा फोटो मागितला. दोन दिवसांत उत्तर आलं. १६ एप्रिलला ४,६५० रुपये भरले, अकरा दिवसांनी कव्हर आलं. वजन ३ किलो ४०० ग्रॅम.

गाडीवर घालण्याआधी घरातच तपासलं. कापड तोंडाला घट्ट लावून फुंकलं. जोर लावल्यावर पलीकडे तळहाताला किंचित हवा लागली. कापडाचा खोलगा करून अर्धा पेला पाणी ओतलं, अर्ध्या तासाने खाली ओलसर डाग, थेंब नाही. असंच हवं. ओल्या पांढऱ्या रुमालाने आतून-बाहेरून घासलं, रंग उतरला नाही. आतलं अस्तर जुन्या मोबाईलच्या काळ्या पडद्यावर पन्नासेक वेळा घासलं, रेघ उमटली नाही. शेवटी छताची शिवण उन्हाकडे धरली. पहिल्या कव्हराच्या शिवणीतून सुईच्या भोकांची चांदण्यांसारखी रांग दिसायची, पाणी शिरायचं ते तिथूनच. याच्या शिवणीवर आतून पट्टी चिकटवलेली होती आणि एकही भोक उजेडाला दिसलं नाही. आधीच्या दोन्ही वेळा हे केलं असतं तर पैसे आणि हिवाळा दोन्ही वाचले असते.

घालण्याची रीत कव्हरइतकीच महत्त्वाची आहे. गाडी धुऊन, पुसून, कोरडी करूनच कव्हर घालायचं. रोज धुणं जमत नसेल तर निदान साध्या पाण्याचा फवारा मारून मऊ मायक्रोफायबरने टिपून घ्या, सुक्या फडक्याने धूळ झटकू नका. पाणी मात्र गोड हवं. समुद्राकडच्या विहिरींचं पाणी एप्रिल-मेमध्ये मचूळ होतं. त्याने गाडी धुतली तर आपणच तिला मीठ लावल्यासारखं होतं, वाळल्यावर पांढरे डाग दिसतात. गाडी चालवून आणल्यावर अर्धा तास थांबा, तापलेल्या सायलेन्सरच्या टोकाला कापड लागलं तर वितळतं.

गुंडाळी छतावर ठेवून पुढे आणि मागे उलगडायची. पुढची बाजू लगेच ओळखू यावी म्हणून मी कडेला लाल दोऱ्याचे चार टाके घातले आहेत. काढताना बाजू छतावर दुमडायच्या आणि मग मागून पुढे गुंडाळी करायची, म्हणजे बाहेरची धूळ बाहेरच्याच अंगाला लागते आणि अस्तर स्वच्छ राहतं. जमिनीवरून ओढायचं नाही; पुळणीचे कण अस्तरात एकदा शिरले की झटकून निघत नाहीत. आरशांच्या कडांवर आधी जुन्या सुती बनियनचे तुकडे चढवते, घासणी पहिली तिथेच लागते.

पोटाखालच्या तीन पट्ट्या होत्या. वाकून हात घालायला लागू नये म्हणून पट्टीचं टोक लांब काठीला अडकवून पलीकडे सरकवते. त्या पट्ट्या वाऱ्याला पुरेशा नव्हत्या, त्यामुळे २४० रुपयांत खाटेची सुती नवार आणि दोन बक्कल आणून पुढच्या आणि मागच्या चाकांच्या मधून आणखी एक फेरा दिला. नायलॉनची गोल दोरी वापरू नका, ती एकाच रेघेवर ताण देते आणि तिच्याखालचं कापड रंगावर रुतून घासतं. नवार चपटी असते, ताण पसरतो. एका माणसाला हे सगळं करायला आठ मिनिटं लागतात, दोघांना चार. रोज दोनदा गाडी काढणाऱ्याने हे आधीच मनाशी तपासावं. जड कव्हराचा कंटाळा येणार असेल तर नुसतं छत आणि काचा झाकणारं अर्धं कव्हर बरं, ते निदान रोज घातलं जाईल.

कडा जमिनीला टेकू देऊ नका. वीतभर अंतर ठेवलं की हवा खेळते आणि उंदरांना आडोसा मिळत नाही. आठवड्यातून एकदा बॉनेट उघडून पाहते; नारळाच्या सोडणाचे तंतू किंवा लेंड्या दिसल्या तर वायरी तपासते. आणि फुरशासारख्या विषारी सापांच्या मुलखात कव्हराखाली हात घालण्याआधी काठीने चारही बाजूंना आपटावं, मग दोन मिनिटं थांबून कड उचलावी. सकाळच्या घाईतसुद्धा हे चुकवू नये.

मेच्या मध्यावर वळीव पडला, रात्रभर अंगण वाहत होतं. सकाळी कव्हर उचललं तर छतावर आतून थोडी ओल होती, थेंब नव्हते. ऊन आल्यावर साडेदहापर्यंत अस्तर हाताला कोरडं लागलं. पहिल्या कव्हराला एवढ्याच ओलीला दुपारचा एक वाजायचा. त्या दिवशी सहा महिन्यांचं ओझं उतरलं.

तरीही मिरगाआधी, ५ जूनला, मी कव्हर काढून ठेवलं. इतकं शोधून आणलेलं कव्हर नेमकं पावसाळ्यात का नाही, असं शेजाऱ्यांनीही विचारलं. कारण सुकायला वेळच मिळत नाही. आठ-आठ दिवस ऊन नसतं, कापड चिंब राहतं, वजन दुप्पट होतं, नैऋत्येचा वारा ते घासत राहतो, आणि गाडीच्या आत सीट आणि सीट बेल्टवर पांढरी बुरशी धरते. निसर्ग वादळ ३ जून २०२० ला आलं, तौक्ते २०२१ च्या मेमध्ये. म्हणजे जोराचा वारा पावसाच्या तोंडावरच येतो. अशा वाऱ्यात कव्हर म्हणजे गाडीला लावलेलं शीड. वादळाचा इशारा आला की कव्हर उतरवून गाडी माडाखालून मोकळ्यावर न्यावी.

चार महिन्यांसाठी मांडव घातला. आठ बांबू १३० प्रमाणे १,०४० रुपये, १८ बाय १२ फुटांची जाड ताडपत्री १,३५०, मजुरी ९००. ताडपत्रीच्या रिंगा दोरीने थेट न बांधता सायकलच्या ट्यूबच्या पट्ट्यांनी बांधल्या. झोत आला की पट्टी ताणते, ताडपत्री फाटत नाही. उतार पूर्वेकडे, आणि झड येते त्या नैऋत्येच्या अंगाला नारळाची झापं उभी केली. बाकी तीन बाजू मोकळ्या, म्हणजे वारा खेळून गाडी सुकत राहते. पक्की पत्र्याची शेड घालायचा विचार असेल तर किनाऱ्याजवळ सीआरझेडचे, म्हणजे किनारपट्टी नियमन क्षेत्राचे, नियम लागतात. आधी नगरपंचायतीत किंवा ग्रामपंचायतीत अर्ज करून लेखी उत्तर घ्या. पावसाळ्यात आठवड्यातून एकदा गाडी अर्धा तास चालवते, एसी लावून आणि बाहेरची हवा आत घेऊन. सीटखाली लाकडी कोळशाची सुती पुरचुंडी ठेवते, महिन्याने ती उन्हं मिळाली की तापवून घेते.

सगळं धरून खर्च असा झाला : पहिलं कव्हर १,१४९, पॉलिश १,८००, पोस्ट १९०, तिसरं कव्हर ४,६५०, नवार-बक्कल २४०, मांडव ३,२९०. एकूण ११,३१९ रुपये. यातले पहिले तिन्ही आकडे, म्हणजे ३,१३९ रुपये, टाळता आले असते.

१४ ऑक्टोबरला मांडव उतरवून कव्हर बाहेर काढलं. ठेवताना ते पूर्ण वाळवून, सुती चादरीत गुंडाळून माळ्यावर ठेवलं होतं, प्लास्टिकच्या पिशवीत नाही. तरी एका घडीवर काळे ठिपके आले होते. मोठ्या घमेल्यात कोमट पाण्यात गाडीचा शॅम्पू घालून मऊ ब्रशने ते धुतलं. कपड्यांची पावडर आणि ब्लीच वापरलं तर पापुद्र्याची छिद्रं बुजतात आणि पाणी अडवण्याचा गुण जातो, मशीनमध्ये तर टाकूच नये. दोन दिवस दांडीवर सावलीत वाळवलं. ठिपक्यांची फिकट सावली राहिली, कापडाची ताकद गेलेली नाही. मागच्या इलॅस्टिकला ताण थोडा कमी वाटतो आहे, तेवढी पट्टी उसवून दीड इंची नवीन इलॅस्टिक घालायला दिली आहे. तोवर मागच्या बाजूला नवारेचा एक जादा फेरा.